सेल्बर्नचं चर्च, दारातलं यूचं झाड: जुन्या छायाचित्र-पोस्टकार्डाची तारीख कशी काढावी?

जुनापेटारा

नमस्कार मंडळी. इंग्लंडातल्या हॅम्पशर परगण्यात सेल्बर्न नावाचं गाव आहे, तिथल्या सेंट मेरी चर्चचं एक पोस्टकार्ड समोर आहे. तपशील देतो.

पुढची बाजू: चर्च नैर्ऋत्येकडून टिपलेलं. डावीकडे बुटका चौकोनी मनोरा, उजवीकडे सभामंडप, मधे दाराची देवडी. देवडीच्या अलीकडे प्रचंड बुंध्याचं यू नावाचं सदाहरित झाड आणि बुंध्याभोवती गोल बाक. मागची बाकीची झाडं निष्पर्ण. खाली डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या हाताच्या अक्षरांत इंग्रजीत गावाचं नाव, त्यातलं ‘एन’ हे अक्षर उलटं. कडेला पांढरी चौकट नाही. रंग तपकिरीकडे झुकणारा, काळोख्या भागात कडेकडेला निळसर चकाकी. माप १३८ × ८७ मिमी.

मागची बाजू: उभ्या रेघेने दोन भाग. डावीकडे छापील सूचना, की ही जागा फक्त देशांतर्गत टपालासाठी मजकुराला वापरावी. अर्ध्या पेनीचं पिवळसर हिरवं तिकीट, सातव्या एडवर्ड राजाचं. शिक्का जवळच्या ऑल्टन गावचा, १७ ऑगस्ट १९०८. छायाचित्रकाराचं किंवा प्रकाशकाचं नाव कुठेच नाही.

प्रश्न असे: हा खरा फोटो की छापील चित्र? साल १९०८ धरावं का? ती निळी चकाकी पुसावी का? आणि आपल्या हवेत हे टिकवायचं कसं?

सदाफुली_७

सेपिया रंग आहे म्हणजे १९०८ पेक्षा बरंच जुनं असणार. १८८० च्या आसपासचं वाटतं.

अंधारखोली

सदाफुली, रंगावरून वय काढू नका, तिथेच निम्मे लोक फसतात. तपकिरी रंग तीन वेगवेगळ्या कारणांनी येतो आणि त्यातलं एकच कारण वयाशी संबंधित आहे.

पहिलं म्हणजे मुद्दाम केलेलं सल्फाइड टोनिंग. चित्रातल्या चांदीचं सिल्व्हर सल्फाइड करतात. ते चांदीपेक्षा टिकाऊ, म्हणून अशी कार्डं शंभर वर्षांनीही ठणठणीत दिसतात. दुसरं, कागद आणि डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) यांची जोडी. काही क्लोराइड कागद मुळातच उबदार छटा देतात. तिसरं, धुलाईतला आळस. फोटो पक्का करायला वापरलेला हायपो कागदात उरला, की तो हळूहळू विघटित होतो आणि त्यातलं गंधक चांदीला लागतं. तेव्हा आधी उजळ भाग पिवळे पडतात आणि फिकट तपशील नाहीसे होतात. टोनिंगमध्ये रंग सगळीकडे सारखा बसतो, उरलेल्या हायपोत तो डागाडागांनी येतो.

पोस्टकार्डांत हा तिसरा प्रकार जास्त दिसतो, त्यालाही कारण आहे. साध्या फोटोच्या कागदापेक्षा कार्डाचा कागद जाड, तो हायपो जास्त पितो आणि सावकाश सोडतो. वाहत्या पाण्यात तासभर धुवायचं काम वीस मिनिटांत उरकलं, की त्याचं फळ चाळीस वर्षांनी दिसतं.

आणि १८८० तर शक्यच नाही. ब्रिटनमध्ये खाजगी छपाईच्या कार्डाला तिकीट लावून पाठवायची परवानगी मिळाली ती १८९४ मध्ये, आणि साडेपाच बाय साडेतीन इंचाचा आकार चालू लागला तो १८९९ च्या नोव्हेंबरपासून. हे माप मिलिमीटरमध्ये सुमारे १४० × ८९ येतं. तुमचं १३८ × ८७ आहे, म्हणजे कुणीतरी कडा किंचित कापलेल्या आहेत. अल्बमच्या खाचेत बसवायला असं सर्रास करायचे.

भिंगवाला

खरा फोटो की छापील, हे आधी मिटवा. दहापट भिंग घ्या (सोनार वापरतात ते घडीचं चालेल) आणि मनोऱ्याच्या भिंतीवरचा मध्यम करडा भाग बघा. आकाश किंवा गडद सावली बघून उपयोग नाही, तिथे सगळं सारखंच दिसतं.

ठिपक्यांची शिस्तीत मांडलेली जाळी दिसली तर ते हाफटोन, म्हणजे शाईची छपाई. जाळी नाही पण बारीक अळ्यांसारखी वळवळती नक्षी दिसली तर कोलोटाइप. तीही शाईच, फक्त जिलेटिनच्या साच्यावरून छापलेली, आणि नुसत्या डोळ्यांना ती फोटोसारखी दिसते. बहुतेक घोटाळे इथेच होतात. दोन्ही नसून छटा सलग उतरत गेली असेल तर तो खरा फोटो.

तुमच्या कार्डाला मात्र भिंगाचीही गरज नाही. काळोख्या भागातली निळसर चकाकी म्हणजे चांदी. दमट हवा आणि हवेतले वायू चांदीचे कण गंजवतात, ते सुटे होऊन फोटोच्या जिलेटिनच्या थरातून वर येतात आणि पृष्ठभागावर पुन्हा धातू होऊन बसतात. शाईच्या छपाईत चांदीच नाही, तर चकाकी कुठून येणार? जिथे चांदी दाट, म्हणजे गडद भागात, आणि जिथून हवा शिरते, म्हणजे कडांना, तिथेच ती येते.

पुसू नका. तो थर म्हणजे चित्रातलीच चांदी आहे. खोडरबराने किंवा कापसाने ती निघते, हे खरं. पण सोबत जिलेटिनवर चरे पडतात आणि काही वर्षांनी चकाकी पुन्हा येते.

टपालखुणा

आता मागची बाजू. इथे बरंच काही हाती लागतं.

दुभागलेली पाठ ब्रिटनने १९०२ मध्ये सुरू केली. त्याआधी मागे फक्त पत्ता आणि जे काही लिहायचं ते चित्राच्या बाजूला, कडेच्या कोऱ्या पट्टीवर. फ्रान्स, जर्मनी वगैरे देशांनी एकेक करून तीच पद्धत उचलली. अमेरिकेत ती १ मार्च १९०७ ला आली. परदेशी टपालातही ती चालावी हा रोमच्या आंतरराष्ट्रीय टपाल परिषदेचा ठराव १९०६ चा, अंमल १ ऑक्टोबर १९०७ पासून. म्हणून ‘फक्त देशांतर्गत टपालासाठी’ ही सूचना असलेला कागद साधारण १९०२ ते १९०७ या काळातल्या छपाईचा समजतात. अर्थात उरलेले गठ्ठे पुढेही खपत राहिले.

तिकीट: एडवर्डचं अर्ध्या पेनीचं तिकीट १ जानेवारी १९०२ ला आलं ते निळसर हिरवं होतं. पिवळसर हिरवं १९०४ च्या नोव्हेंबरअखेर आलं. पंचम जॉर्जचं पहिलं तिकीट २२ जून १९११ चं. या दोन हिरव्यांतला फरक दिव्याखाली कळत नाही, दिवसाच्या उजेडात खिडकीशी धरून बघा.

शिक्का वाचताना महिन्यांची दोन अक्षरं सांभाळा. ‘जेयू’ म्हणजे जून, ‘जेवाय’ म्हणजे जुलै. ‘एमआर’ मार्च आणि ‘एमवाय’ मे. शिक्का अर्धवट उठला की याच जोड्यांत गडबड होते.

शिक्क्यातलं साल उडालेलं असेल तर तिकिटाचा दर उपयोगी पडतो. देशांतर्गत कार्डाला २ जून १९१८ पर्यंत अर्धा पेनी, ३ जूनपासून एक पेनी, १९२१ च्या जूनमध्ये दीड, १९२२ च्या मेपासून पुन्हा एक, आणि १९४० च्या मेपासून दोन. पण अर्ध्या पेनीचं तिकीट दिसलं म्हणून लगेच ‘१९१८ च्या आधीचं’ असं जाहीर करू नका. पाच शब्दांच्या आत नुसत्या शुभेच्छा लिहिल्या असतील तर कार्ड छापील कागदाच्या स्वस्त दराने जायचं, आणि तो दर १९१८ नंतरही अर्ध्या पेनीचाच होता. मजकुराचे शब्द मोजा.

जाता जाता: तेव्हा परदेशी कार्डाला एक पेनी लागे आणि हिंदुस्थानही त्यातच आला. पुण्या-मुंबईचा पत्ता आणि वर अर्ध्या पेनीचं तिकीट असं कार्ड दिसलं तर थकीत टपालाचा ‘टी’ शिक्का शोधा. तो नसेल तर तिकीट मागाहून चिकटवलेलं असण्याची शंका घ्यावी.

जुनापेटारा

म्हणजे कागद १९०२ ते ०७, तिकीट १९०४ अखेरनंतरचं, शिक्का १९०८. फोटो १९०५ ते १९०८ मधला, असं लिहू?

अंधारखोली

नका लिहू. कार्डाला एक तारीख नसते, निदान तीन असतात: निगेटिव्ह कधी घेतली, त्यावरून हे कार्ड कधी छापलं, आणि ते टपालात कधी पडलं. तुम्ही आतापर्यंत दुसरी आणि तिसरी शोधलीत. चर्च ज्या क्षणी तसं दिसत होतं ती पहिली तारीख, आणि तिच्याबद्दल शिक्का एवढंच सांगतो की ती १७ ऑगस्ट १९०८ च्या आधीची आहे.

छापायची रीत बघा म्हणजे कळेल. गावोगावचे छायाचित्रकार काचेची प्लेट वापरत, बरेचदा हाफ प्लेट, म्हणजे साडेसहा बाय पावणेपाच इंच. प्लेट लाकडी चौकटीत ठेवायची, तिच्या चकाकी नसलेल्या बाजूवर संवेदनशील पोस्टकार्डाची फोटोची बाजू टेकवायची, मागून स्प्रिंगची फळी दाबायची. कार्डाची पाठ कागदवाल्या कंपनीने आधीच छापलेली असे, कार्डं पाकिटात तयार मिळत. कागद ‘गॅसलाइट’ जातीचा, म्हणजे इतका मंद की गॅसच्या दिव्यापासून चार-सहा फुटांवर उघडा हाताळला तरी चालायचं, आणि वीतभर अंतरावर धरला की उठायचा. निगेटिव्ह किती दाट त्यावर वेळ, काही सेकंदांपासून मिनिटभरापर्यंत. डेव्हलपरमध्ये अर्ध्या-पाऊण मिनिटात चित्र पूर्ण, पाण्यात एक बुडी, हायपोच्या वीस टक्के द्रावणात दहा-पंधरा मिनिटं, मग धुलाई.

चर्चच्या निगेटिव्हला गिऱ्हाईक आटत नाही. चर्च हलत नाही, फॅशन बदलत नाही. तीच प्लेट पंधरा-वीस वर्षं, फुटेपर्यंत चालवत. पाकिटातलं कागदाचं ब्रँड बदलत जाई आणि एकाच निगेटिव्हची कार्डं चार प्रकारच्या पाठींनिशी निघत. म्हणून पाठ बघून कागदाचं वय कळतं, चर्चचं नाही.

‘खरा फोटो’ म्हणजे हाताने केलेला, असंही समजू नका. बर्लिनच्या नॉये फोटोग्राफिशे गेझेलशाफ्ट या कंपनीत ब्रोमाइड कागदाचा लांबच लांब रोल यंत्रातून जायचा, त्यावर पाठोपाठ फोटो उठायचे आणि तसेच डेव्हलप होऊन निघायचे. तुमच्या कार्डावरचं उलटं ‘एन’ मात्र हातकामाचीच साक्ष आहे.

सदाफुली_७

रंगाचं समजलं, आभार. पण अक्षर उलटं कसं काय येतं? बाकीचं नाव तर सरळ आहे ना?

अंधारखोली

नाव निगेटिव्हवर लिहितात. काळ्या शाईने काचेवर लिहिलं की तिथून उजेड जात नाही, म्हणून कार्डावर अक्षरं पांढरी येतात. (काळी अक्षरं असतील तर ती काचेवरचा चित्राचा थर खरवडून लिहिलेली.) शाई थराच्या बाजूला लावतात, आणि ती बाजू कार्डाला टेकते, म्हणून सगळं आरशातल्यासारखं उलट लिहावं लागतं. ‘ओ’ला काही फरक पडत नाही. ‘ई’, ‘आर’, ‘बी’ उलटे करायचे लक्षात राहतं. ‘एन’ आणि ‘एस’ मात्र उलटे केले तरी हाताला सरळच वाटतात, तिथे चूक होते. इंग्रजी गावांच्या कार्डांवर उलटं ‘एन’ इतकं नेहमीचं आहे की त्यावरून नवशिका छायाचित्रकार ओळखू आला असं म्हणता येत नाही.

नकाशेगिरी

आता चर्चकडे बघू या, कारण पहिली तारीख तिथेच आहे.

आधी चित्र पालथं तर नाही ना ते तपासा. प्लेट उलट्या बाजूने ठेवून छापली तर डावं-उजवं बदलतं आणि काचेच्या जाडीमुळे चित्र किंचित धूसरही होतं. इंग्लंडातल्या गावचर्चमध्ये वेदी पूर्वेला, मनोरा बहुतेक पश्चिमेला. दक्षिणेकडून बघताना पश्चिम डावीकडे येते. तुमच्या कार्डात मनोरा डावीकडे आहे, म्हणजे चित्र सरळ.

या मांडणीमुळे चर्च हे आयतं घड्याळ होतं. तिथे सूर्य दक्षिणेच्या अंगाने फिरतो. देवडीची किंवा मनोऱ्याची दक्षिण भिंत उजळ आणि पश्चिम भिंत अंधारात असेल तर फोटो दुपारी बाराच्या आधीचा. दोन्ही उजळ असतील तर बारानंतरचा. जुनापेटारा, तुमच्याकडे काय दिसतं?

जुनापेटारा

दक्षिण भिंत उजळ. मनोऱ्याची पश्चिम बाजू गडद. एका उभ्या थडग्याची सावलीही दिसते, उंचीच्या साधारण दीडपट. त्यावरून सूर्याची उंची काढली तर सुमारे ३४ अंश येते. त्या अक्षांशावर विषुवदिनाला दुपारी सूर्य ३९ अंशांवर असतो, म्हणजे मार्च धरता येईल का?

नकाशेगिरी

सकाळ हे पक्कं. ३४ अंशांचा हिशेब मात्र सोडून द्या. सावली चित्राच्या प्रतलाला समांतर पडली असेल तरच उंची आणि सावली यांचं गुणोत्तर धरता येतं. तुमचा कॅमेरा ईशान्येकडे बघतोय. सूर्य नेमका आग्नेयेला असताना सावली वायव्येला, म्हणजे चित्राला समांतर जाईल. तो सूर्य थोडा जरी दक्षिणेकडे सरकला तरी सावली तिरकी आत जाते आणि आखूड दिसते. शिवाय तिथली जमीन सपाट आहे हे कुणी सांगितलं? दफनभूमीत उंचवटेच उंचवटे असतात.

झाडं निष्पर्ण आहेत हा पुरावा जास्त भक्कम. यू सदाहरित असतं (हिमालयातल्या थुनेरचं हे युरोपातलं भावंड), त्याच्याकडे बघू नका. मागची झाडं बोडकी आहेत, म्हणजे पानगळीनंतर आणि पालवीआधी, साधारण नोव्हेंबर ते एप्रिलची सुरुवात. कार्ड ऑगस्टमध्ये टाकलंय. म्हणजे निगेटिव्ह निदान तीन-चार महिने जुनी, आणि कमाल किती जुनी ते त्या झाडांवरून सांगता येत नाही.

मनोऱ्यावर घड्याळ असलेली कार्डं मिळाली तर वेळ थेट वाचता येते, पण तिथे एक काटा आहे. इंग्लंडात उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करायची पद्धत २१ मे १९१६ ला सुरू झाली. त्यानंतरच्या उन्हाळी फोटोत घड्याळ आणि सावली यांच्यात तासाचा फरक येतो, आधीच्या फोटोत येत नाही. हाच फरक तारखेचाही पुरावा ठरतो.

भिंगवाला

सेल्बर्नच्या बाबतीत उत्तर बाजूची कार्डंही बघण्यासारखी. निसर्गाच्या नोंदींसाठी प्रसिद्ध असलेले गिल्बर्ट व्हाइट याच गावचे, जन्म १७२०. त्यांचं थडगं वेदीच्या उत्तरेला आहे. छोटासा दगड, त्यावर नुसती आद्याक्षरं आणि २६ जून १७९३ ही तारीख. त्या बाजूला ऊन पडतं ते फक्त उन्हाळ्यात, भल्या पहाटे आणि संध्याकाळी. एरवी दिवसभर भिंतीची सावली. त्यामुळे थडग्याची कार्डं बहुतेक सपाट उजेडात काढलेली असतात आणि अक्षरं उठत नाहीत. दगडावरची अक्षरं ठळक दिसली तर भिंगाने नीट बघा, निगेटिव्हवर ती हाताने गिरवलेली असू शकतात.

तुमच्या कार्डातलं यूचं झाड आता नाही. व्हाइटनी त्याचा घेर २३ फूट मोजला होता. २५ जानेवारी १९९० च्या वादळात ते कोसळलं. पुन्हा उभं करून बघितलं, जगलं नाही. म्हणून त्या झाडाची जुनी कार्डं शोधणारे वेगळेच लोक आहेत, त्यांना चर्चशी घेणंदेणं नाही. बुंध्याचं, बाकाचं आणि फांद्यांचं एकेक कार्ड जुळवून ते क्रम लावतात. तुम्हीही तेच करा. त्याच कोनातली दुसरी कार्डं मिळवा आणि एखादी मोठी फांदी कुठल्यात आहे, कुठल्यात तुटली आहे ते बघा. पहिल्या तारखेच्या जवळ जायचा तोच खरा मार्ग.

टपालखुणा

त्यात फ्रान्सिस फ्रिथ कंपनीची कार्डं मिळाली तर काम सोपं होतं. रायगेटच्या या कंपनीने निगेटिव्हना क्रमांक दिले होते आणि त्या क्रमांकावरून फोटोचं साल लागतं. डंडीच्या व्हॅलेंटाइन कंपनीचेही क्रमांक आहेत, तिचा संग्रह सेंट अँड्र्यूज विद्यापीठात आहे. तुमच्या बिननावाच्या कार्डाला या तारीखवार कार्डांच्या मधे बसवायचं.

वसईकर

हीच सूर्य-सावलीची युक्ती वसईच्या आणि गोव्याच्या चर्चच्या जुन्या कार्डांना लावली तर?

नकाशेगिरी

आधी नकाशा बघा, मगच. आपल्याकडे वेदी पूर्वेलाच असं गृहीत धरता येत नाही. जुन्या गोव्यात से कॅथेड्रलचं तोंड पूर्वेला आहे आणि बाँ जेझूचं पश्चिमेला, दोन्ही हाकेच्या अंतरावर. शिवाय आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. मे ते जुलैच्या काळात इथे भर दुपारी सूर्य डोक्याच्या उत्तरेला जातो आणि उत्तर भिंतही उजळते. इंग्लंडचा नियम उचलून लावला तर उत्तर चुकेल.

अंधारखोली

आकाशाबद्दल कुणी विचारलं नाही, पण सांगतो. तुमच्या कार्डात आकाश कोरं पांढरं असणार. तेव्हाच्या प्लेटांना निळा रंग भरपूर दिसायचा आणि लाल जवळजवळ दिसायचाच नाही. म्हणून आकाश जळून पांढरं, आणि लाल कौलं, विटा खऱ्यापेक्षा काळ्या. अशा कार्डावर सुंदर ढग असतील तर ते दुसऱ्या निगेटिव्हवरून आणलेले असू शकतात. ढगांवरचा उजेड आणि भिंतीवरचा उजेड एकाच बाजूने आलाय का ते बघा.

मनोऱ्याच्या उभ्या रेषा वर जाताना जवळ येतात का, तेही बघा. समांतर असतील तर भिंग वर सरकवता येणारा घडीचा स्टँड कॅमेरा, म्हणजे व्यावसायिक किंवा कसबी हौशी. भिंग फार वर सरकवलं की वरचे दोन कोपरे काळवंडतात. रेषा आत झुकत असतील तर कॅमेराच वर केलेला, बहुधा हातातला कोडॅक.

जुनापेटारा

रेषा समांतर आहेत, वरचा डावा कोपरा किंचित गडद आहे. आता जपणुकीचं सांगा.

कोकणातला_दमट

इथून पुढे माझा प्रांत.

दुबळी जागा एकच, जिलेटिन. चित्र ज्या थरात आहे तो थर म्हणजे बुरशीचं आणि कसरीचं जेवण. सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत ठेवायची. ६५ च्या वर गेली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती ८० च्या वरच असते. ३० च्या खाली नेऊ नका, जिलेटिन आकसतं, कार्ड चित्राच्या बाजूला वळतं आणि थराला तडे जातात. वळलेलं कार्ड उलटं दाबून सरळ करायला जाऊ नये.

पाकीट: पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचं. पीव्हीसीचे अल्बम अजिबात नकोत, त्यातून आम्ल सुटतं आणि प्लास्टिक मऊ ठेवणारं तेलही. नव्या रेग्झीनसारखा वास येणारा अल्बम म्हणजे तोच. चिकट पानांचे अल्बमही नकोत, लॅमिनेशन तर नकोच नको. फ्रेम करायची तर काच आणि कार्ड यांच्यात पुठ्ठ्याची चौकट हवी. काचेला टेकलेलं जिलेटिन एका पावसाळ्यात चिकटतं आणि मग सुटत नाही.

डबा: रबराची कड असलेला हवाबंद प्लास्टिकचा, दहा लिटरचा घ्या. त्यात २०० ते २५० ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत, कार्डांना न टेकवता. सोबत छोटा आर्द्रतामापक. आकडा ३५ च्या खाली गेला तर थोडं जेल काढा, ५० च्या वर गेला तर जेल बदला. नारिंगी दाण्यांचं जेल ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवलं की पुन्हा कामाला येतं. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात घाला. डबा लोखंडी कपाटात ठेवा, पण कपाट बाहेरच्या ओलाव्याच्या भिंतीला लागून नको, माळ्यावरही नको.

डांबरगोळ्या नकोत. त्यांची वाफ प्लास्टिकला आणि काही शायांना बाधते.

सदाफुली_७

बुरशी आधीच आली असेल तर? ओल्या कापडाने पुसून उन्हात ठेवावं का?

कोकणातला_दमट

दोन्ही नको! बुरशीने जिलेटिन आतून पचवलेलं असतं, तिथे ते पाण्यात विरघळतं. ओलं कापड फिरवलं की चित्रच कापडावर येतं. आधी कार्ड वेगळं काढून सिलिकाच्या डब्यात आठवडाभर ठेवा. बुरशी वाळून भुकटीसारखी झाली की मऊ ब्रशने, बाहेर मोकळ्यावर, तोंडाला मास्क लावून, कडेच्या दिशेने हलक्या हाताने झटका. डाग राहील. राहू द्या.

मागच्या बाजूला अल्बमचा काळा कागद किंवा खळ चिकटलेली असेल तर तीही भिजवून काढायची घाई नको. पाठ भिजली की शिक्क्याची शाई पसरते आणि ओल पुढच्या थरापर्यंत जाते.

स्कॅनबहाद्दर

स्कॅन १२०० डीपीआयला करा, म्हणजे साधारण ६६०० × ४२०० पिक्सेल. थडग्यांवरची अक्षरं वाचायची तर ६०० पुरत नाहीत. काळा-पांढरा पर्याय न निवडता रंगीतच करा, नाहीतर पिवळेपणा आणि टोनिंगमधला फरक हरवतो. टिफ स्वरूपात २४ बिटला सुमारे ८३ एमबी होते. स्कॅनरचं ‘धूळ काढा’ आणि ‘शार्पन’ बंद ठेवा. ते पानाआडची बारीक अक्षरं धूळ समजून पुसतं.

चकाकी असलेल्या भागावर स्कॅनर धुकट पांढरा पट्टा देतो. तिथे कॅमेरा बरा. दोन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर, दिव्यांवर ध्रुवक (पोलरायझिंग) फिल्म, कॅमेऱ्याच्या भिंगावर ध्रुवक फिल्टर. फिल्टर फिरवत राहा, एका ठिकाणी चकाकी मावळते आणि खालचा काळोख उघडा पडतो.

पाठही स्कॅन करा, आणि एकदा दिवा अगदी आडवा धरून फोटो घ्या. पुसलेली पेन्सिल, दाबून लिहिलेलं पण उडालेलं, असं बरंच त्यात दिसतं.

भिंगवाला

विकत घेणाऱ्यांसाठी एक चाचणी: अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च पाठीवर मारा. कागद निळसर पांढरा झळाळला तर त्यात चमक आणणारं रसायन आहे, आणि ते साधारण १९५० नंतरच्या कागदातच सापडतं. जुना कागद मळकट, निस्तेज राहतो. झळाळी असेल तर समोर नंतरची प्रत आहे. जुन्या कार्डावरूनच पुन्हा फोटो काढून केलेल्या प्रतीत आणखी एक खूण असते: काळं जास्त काळं, पांढरं जास्त पांढरं, आणि मधले दगडांचे सांधे गायब.

किमतीचं म्हणाल तर नुसत्या चर्चची कार्डं सर्वांत स्वस्त, कारण घरोघरी हीच जपली गेली. त्याच गावातल्या दुकानाचं, पोस्टमनचं किंवा रेल्वे स्थानकाचं कार्ड अनेकपट महाग जातं. तुमच्या कार्डात यू आहे म्हणून थोडं बरं.

जुनापेटारा

सर्वांचे आभार. पाकिटावर असं लिहितोय, तपासून सांगा:

‘सेंट मेरी चर्च, सेल्बर्न, नैर्ऋत्येकडून. खरा फोटो, हातछपाई. निगेटिव्ह: पानगळ ते पालवी यांमधली सकाळ, साल १९०८ किंवा आधीचं. छपाई: १९०२ ते १९०८. टपाल: ऑल्टन, १७ ऑगस्ट १९०८. छायाचित्रकार अज्ञात, स्टँड कॅमेरा. कडा कापलेल्या. चांदीची चकाकी, पुसलेली नाही.’

टपालखुणा

बरोबर. ‘तिकीट पिवळसर हिरवं’ हेही घाला, उद्या ते सुटून पडलं तर उपयोगी येईल.

कोकणातला_दमट

आणि पाकिटावर आधी लिहा, मग कार्ड आत घाला. कार्ड आत असताना दाबून लिहिलं तर मनोऱ्यावर तुमचं अक्षर उमटेल.

जुनापेटारा

बरं झालं सांगितलंत, पेन हातातच होतं.